तपकिरी रंगाची साक्ष

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली की काही दिवसांनी घरी एक कागद येतो. गाठ किती सेंटिमीटरची होती, काखेतील किती लसिका-ग्रंथी तपासल्या, त्यांपैकी कितींत रोग आढळला, असा तपशील त्यावर असतो. त्याच्या खाली तीन संक्षिप्त नावे दिसतात : ई.आर., पी.आर. आणि हर-टू. प्रत्येकापुढे ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असा एकेका शब्दाचा शेरा. घरातील शिकलीसवरली माणसेही येथे अडखळतात. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काहीतरी अशुभ निघाले, अशी आपल्या मनाची घडण असते, म्हणून ई.आर.पुढे तो शब्द दिसला की चेहरे उतरतात. वस्तुतः ई.आर.च्या बाबतीत हा शेरा त्यातल्या त्यात चांगल्या बातमीचा असतो. पंचवीस-तीस रुपयांच्या नव्हे, पण निदान मध्यमवर्गीय घराला पेलवेल अशा खर्चाच्या साध्या गोळ्यांनी या रुग्णभगिनीचे आयुष्य वाढू शकते, असा त्याचा अर्थ.

हा शेरा येतो कोठून, तो कोण देतो, आणि तो खरा मानावा की नाही, हे आम्ही आज वाचकांपुढे मांडणार आहोत. शेरा लिहितो तो अर्थातच विकृतिशास्त्रज्ञ. परंतु त्याच्या आधी साक्ष देतो तो एक प्रतिपिंड. गोवर-कांजिण्यांशी झुंजण्यासाठी आपले रक्त जे प्रतिपिंड तयार करते, त्यांचाच हा भाऊबंद. मात्र याला प्रयोगशाळेत घडवून एकाच कामाला जुंपलेले असते. पेशीच्या पोटातील एक विशिष्ट प्रथिन तेथे आहे की नाही, एवढेच त्याने सांगावयाचे. तिसऱ्या नावाची, म्हणजे हर-टूची, कथा निराळी आहे. ती पुन्हा केव्हातरी.

गोष्ट सुरू होते ती स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात. जॉर्ज बीटसन नावाच्या शल्यचिकित्सकांनी १८९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग हाताबाहेर गेलेल्या स्त्रियांची अंडाशये काढून टाकल्यावर रोग मागे हटल्याचे त्यांनी पाहिले होते. अंडाशय आणि दूध येणे यांचा काही संबंध असावा, हे त्यांनी पशुपालनाच्या अनुभवावरून ध्यानी घेतले होते. पुढे इतरांनीही तीच शस्त्रक्रिया केली आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली : ढोबळमानाने तिघींपैकी एकीला गुण येई, उरलेल्या दोघींना शस्त्रक्रियेचा त्रास तेवढा होई. ती एक कोण, हे आधी ओळखता येत नसे. हा प्रश्न पाऊणशे वर्षे तसाच पडून राहिला.

तो सोडवणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे डॉ. एलवुड जेन्सेन. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. तरुणपणी झुरिचला असताना गिर्यारोहणाचा फारसा अनुभव गाठीशी नसतानाही ते मॅटरहॉर्न शिखर चढून गेले होते. ते शिखर प्रथम सर करणाऱ्या एडवर्ड व्हिंपर यांना इटलीच्या बाजूने वारंवार अपयश आले आणि १८६५ साली त्यांनी स्वित्झर्लंडच्या बाजूची धार धरली तेव्हा यश मिळाले, ही हकीकत जेन्सेन आवडीने सांगत. सर्वजण ज्या वाटेने जातात ती वाट बंद असेल तर डोंगराला वळसा घालून पाहावे, एवढाच तिचा मतलब.

वाट कोणती होती? इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या किंचितशा मात्रेने गर्भाशयाची वाढ होते, हे ठाऊक होते. ती कशी होते, याविषयी त्या काळच्या बहुतेक संशोधकांचे मत असे, की इस्ट्रोजेनावर विकरांची क्रिया होते, त्याचे रासायनिक रूपांतर होते आणि त्या रूपांतरातून पुढचे सारे घडते. म्हणून सर्वांचे लक्ष विकरांकडे. जेन्सेन व त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी प्रश्न उलटा केला : संप्रेरक पेशींचे काय करते हे राहू द्या, पेशी संप्रेरकाचे काय करतात ते पाहू. त्यासाठी त्यांनी ट्रिटियम या किरणोत्सर्गी हायड्रोजनाची खूण लावलेले इस्ट्रोजेन तयार केले आणि अत्यल्प मात्रेत उंदरांना टोचले. रक्तातून ते सर्व अवयवांत गेले आणि निघूनही गेले. फक्त गर्भाशयासारख्या अवयवांत ते टिकून राहिले, आणि तेही मूळच्या रूपात, यत्किंचितही न बदलता. याचा अर्थ त्या पेशींत इस्ट्रोजेनाला धरून ठेवणारे काहीतरी होते. १९५८ साली व्हिएन्ना येथील परिषदेत जेन्सेन यांनी हा शोध सांगितला, तेव्हा श्रोते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बाकी सारे दुसऱ्या दालनात विकरांवरील व्याख्याने ऐकत बसले होते!

त्या ‘काहीतरी’लाच आज इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेनाचा ग्राही, म्हणतात. कागदावरील ई.आर. तो हाच. हे एक प्रथिन आहे. ५९५ ॲमिनो आम्लांची माळ. त्याचे काम समजून घेण्यास फार शास्त्र नको. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात जनुकांची तीच ती पोथी संपूर्ण असते. डोळ्याच्या पेशीतही ती आहे आणि नखाच्या मुळाशीही. फरक पडतो तो कोणती पाने उघडायची आणि कोणती मिटलेली ठेवायची यात. ही पाने उघडणारी-मिटणारी प्रथिने निराळी असतात आणि ती बाहेरून येणाऱ्या निरोपाची वाट पाहत असतात. इस्ट्रोजेन हा असाच एक निरोप. तो ग्राहीला येऊन चिकटला की ग्राहीची घडी बदलते. दोन ग्राही जोडीने एकत्र येतात, डीएनएवरील ठराविक जागी जाऊन बसतात, मदतीला आणखी प्रथिने बोलावतात आणि तेथील जनुके बोलू लागतात. पेशीने वाढावे, विभागावे असे सांगणारी जनुके त्यांत असतात. निरोगी स्तनात हे प्रमाणात घडते. कर्करोगाच्या पेशीत मात्र हा निरोपच आगीत तेल ओततो.

पी.आर.चा खुलासाही येथेच करून टाकतो. पी.आर. हा प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा ग्राही. तो तयार करणारे जनुक इस्ट्रोजेनाच्या ग्राहीमार्फत चालू होते. म्हणून १९७५ साली कॅथरिन हॉर्विट्झ व विल्यम मॅक्‌ग्वायर यांनी सुचवले, की गाठीत पी.आर. सापडला तर ई.आर. नुसता हजर नाही, कामही करतो आहे असे समजावे. दिव्याचे बटण चालते की नाही हे दिवा लागला की कळते, तसेच हे.

बीटसन यांच्या कोड्याचे उत्तर आता वाचकांच्या लक्षात आले असेल. जिच्या गाठीत ग्राही आहे, तिची गाठ इस्ट्रोजेनावर पोसलेली. अंडाशये काढली की तिचे अन्न तुटते. जिच्या गाठीत ग्राही नाही, तिला त्या शस्त्रक्रियेचा उपयोग शून्य. १९७४ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे अनेक देशांतील रुग्णांची माहिती एकत्र ठेवण्यात आली, तेव्हा ग्राही असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना संप्रेरकविरोधी उपचारांनी गुण आलेला दिसला; ग्राही नसलेल्यांपैकी दहांत एकीलाही नाही.

याच सुमारास शस्त्रक्रियेची जागा घेणारी एक गोळी हाती आली होती, आणि तिचा पूर्वेतिहास मोठा गमतीचा आहे. टॅमॉक्सिफेन हे औषध इंग्लंडमधील आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६२ साली डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी तयार केले, ते संततिनियमनासाठी. उंदरांत ते उत्तम चालले; स्त्रियांत मात्र त्याने उलट बीजोत्सर्गाला उत्तेजनच दिले! गर्भनिरोधक म्हणून निकालात निघालेले हे द्रव्य इस्ट्रोजेनाच्या ग्राहीवर जाऊन बसते आणि स्तनाच्या पेशींत त्याला काम करू देत नाही, हे ध्यानी आल्यावर त्याचे भाग्य उजळले. क्रेग जॉर्डन यांनी त्यावर सारे आयुष्य घालवले. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये जगभरच्या चाचण्यांचा जो एकत्रित आढावा आला, त्यानुसार ई.आर. असलेल्या रुग्णांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतले तर पहिल्या पंधरा वर्षांतील या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. ई.आर. नसलेल्यांत काहीही फरक पडत नाही. (जाता जाता : याच कुळातील एका द्रव्यापासून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने खरोखरीचे गर्भनिरोधक बनवले, ‘सहेली’ ही ती गोळी. इंग्लंडात न जमलेले लखनौला जमले, हे सांगताना आम्हांला थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी गोड मानून घ्यावा.)

म्हणजे सारा डोलारा एका प्रश्नावर उभा : या गाठीत ग्राही आहे की नाही? १९७० च्या दशकात याचे उत्तर मिळवणे मोठे जिकिरीचे होते. गाठीचा बराच मोठा ताजा तुकडा लागे. तो तत्काळ गोठवून, वाटून, त्यात किरणोत्सर्गी इस्ट्रोजेन मिसळून, उरलेले इस्ट्रोजेन कोळशाच्या भुकटीने शोषून घेऊन मोजणी करावी लागे. लहान गाठींना हे शक्यच नव्हते. शिवाय तुकड्यात कर्करोगाच्या पेशी किती, निरोगी किती आणि चरबी किती याचा पत्ता लागत नसे. भाजी, आमटी, भात सारे कालवून मग मीठ कशात जास्त पडले ते शोधण्यासारखा हा प्रकार. पेशी जागच्या जागी ठेवून त्यांतील ग्राही डोळ्यांना दिसला पाहिजे, अशी निकड होती. त्यासाठी हवा होता प्रतिपिंड.

प्रतिपिंडांची ओळख जगाला १८९० साली झाली, ती बेहरिंग व कितासातो यांच्या घटसर्प-धनुर्वातावरील प्रयोगांतून. परके प्रथिन अंगात शिरले की प्राण्याचे शरीर त्याच्या एकेका कोपऱ्याला घट्ट बसतील असे प्रतिपिंड घडवते. प्रयोगशाळांनी याचा उपयोग करून घेतला : हवे ते प्रथिन सशाला टोचावे आणि त्याच्या रक्तातून प्रतिपिंड मिळवावेत. जेन्सेन आणि त्यांचे तरुण सहकारी जेफ्री ग्रीन यांनी वासरांच्या गर्भाशयांतून मोठ्या कष्टाने ग्राही वेगळा करून सशांकडून असे प्रतिपिंड १९७७ साली मिळवले. परंतु सशाच्या रक्तात हजार प्रकारच्या प्रतिपिंडांची गर्दी. शिवाय ससा गेला की साठा संपला, आणि दुसऱ्या सशाचा माल पहिल्यासारखाच असेल याची शाश्वती नाही.

या अडचणीवरचा तोडगा केंब्रिजमध्ये १९७५ सालीच निघाला होता. जॉर्ज कोहलर व सीझर मिलस्टीन यांनी प्रतिपिंड बनवणारी प्लीहेतील पेशी आणि मज्जेच्या कर्करोगाची अमर पेशी यांचा संकर घडवून आणला. संकरित पेशी एकच एक प्रतिपिंड बनवते आणि मरत नाही. अशा एका पेशीच्या वंशातून पिढ्यान्‌पिढ्या तोच प्रतिपिंड मिळत राहतो. त्याला एकवंशी प्रतिपिंड म्हणतात. या शोधाचे पेटंट कोणी घेतले नाही. कोहलर व मिलस्टीन यांना नील्स येर्ने यांच्यासह १९८४ साली नोबेल पारितोषिक मात्र मिळाले. शिकागोत ग्रीन-जेन्सेन यांनी हेच तंत्र उचलले. ग्राही प्रथिन त्यांनी घेतले ते एम.सी.एफ.-७ या पेशींपासून. या पेशी मिशिगनमधील एका ख्रिस्ती जोगिणीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून १९७० साली मिळाल्या आणि आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या प्रथिनाने नर घुशींच्या वंशातील पांढरे उंदीर टोचले गेले, त्यांच्या प्लीहेच्या पेशींचा संकर केला गेला आणि १९८० साली मानवी ग्राहीला ओळखणारे पहिले एकवंशी प्रतिपिंड हाती आले.

शरीराबाहेर पेशी वाढवण्याची ही विद्या आपल्याकडे रुजवण्याचे श्रेय एका मराठी विदुषीकडे जाते, हे येथे सांगितलेच पाहिजे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ सालचा, पुण्याचा. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले, अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा कर्करोग हा त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय होता. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या त्या संस्थापक. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आमच्या वाचकभगिनींपैकी कितीजणींना हे नाव ठाऊक आहे, याची आम्हांला शंका आहे.

नवे प्रतिपिंड हाती येताच त्यांनी पहिला धक्का दिला तो खुद्द जेन्सेन यांच्या सिद्धान्ताला. तोपर्यंत पाठ्यपुस्तकांतून असे शिकवले जाई, की ग्राही पेशीच्या रसात तरंगत असतो आणि इस्ट्रोजेन भेटल्यावरच केंद्रकात शिरतो. १९८४ साली विल्यम किंग व ग्रीन यांनी प्रतिपिंडाने पेशी रंगवून पाहिल्या. रंग उमटला तो केंद्रकात. इस्ट्रोजेन असो वा नसो. पेशी वाटताना ग्राही केंद्रकातून बाहेर गळत असे आणि म्हणून तो रसात सापडे. निरोप घेणारा मुळात घरीच बसलेला होता. घर फोडून पाहणाऱ्यांना तो अंगणात सापडत होता, इतकेच.

त्यानंतर प्रतिपिंडांची नजर आणखी तीक्ष्ण झाली. ग्राहीला जाग आणणारा निरोप केवळ इस्ट्रोजेनच असतो असे नाही. पेशीच्या पृष्ठभागावर येणारे वाढीचे इतर संदेश आतल्या विकरांच्या साखळीतून हातोहात पुढे जातात आणि शेवटचे विकर ग्राहीच्या ११८ व्या स्थानावरील सेरिन या ॲमिनो आम्लाला फॉस्फेटचा एक गट चिकटवते. एवढ्याशा भराने ग्राहीचे काम वाढते. आज असे प्रतिपिंड मिळतात, की ते फॉस्फेट लागलेला ग्राही तेवढा ओळखतात, न लागलेल्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माणूस ओळखणे वेगळे आणि त्याने कपाळी गंध लावले आहे की नाही हे ओळखणे वेगळे. पेशीत कोणता संदेश कोणत्या क्षणी वाहतो आहे, याचा मागोवा संशोधक घेतात तो बव्हंशी अशा प्रतिपिंडांच्या आधारे.

आता कागदावरील शेऱ्याकडे वळू. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ फॉर्मालिनमध्ये टाकतात, मग मेणात बसवतात; ती मेणाची वडी म्हणजे ‘ब्लॉक’. यंत्राने तिचे केसाहूनही कितीतरी पातळ काप काढून काचेवर चढवतात. फॉर्मालिन ऊती टिकवते खरे, परंतु प्रथिनांना एकमेकांत असे गुंतवून टाकते, की प्रतिपिंडाला आपली खूण सापडत नाही. १९९१ साली शी, की आणि कालरा या त्रयीने दाखवले, की हे काप द्रवात बुडवून मायक्रोवेव्ह भट्टीत उकळवले तर गुंता सुटतो. पुढे कोणी तरी प्रेशर कुकर वापरून पाहिला, आणि तो अधिकच सोयीचा ठरला! जगातल्या अनेक नामांकित प्रयोगशाळांत आपल्या ओट्यावरचाच कुकर शिट्ट्या देत असतो, हे वाचून आमच्या वाचकांना मौज वाटेल. उकळून झाल्यावर प्रतिपिंड घालतात, तो जेथे चिकटेल तेथे दुसऱ्या द्रव्याने तपकिरी रंग उमटवतात. बाकीची केंद्रके निळी. मग सूक्ष्मदर्शकातून तपकिरी केंद्रके मोजावयाची. शंभरांत एक जरी तपकिरी असले तरी ‘पॉझिटिव्ह’ म्हणावे, असा दंडक अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१० साली घातला. २०२० साली त्यांनी एक ते दहा टक्क्यांच्या गटाला ‘अल्प पॉझिटिव्ह’ असे वेगळे नाव दिले.

हे सारे इतके सोपे दिसते, की यात चूक कोठे होणार, असे वाटावे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात जे घडले ते वाचल्यावर तसे वाटणार नाही. तेथील सेंट जॉन्स शहराच्या प्रयोगशाळेत १९९७ पासून प्रतिपिंडांनी ही तपासणी होत असे. २००५ साली एका रुग्णेच्या बाबतीत डॉक्टरांना संशय आला. तिचा कर्करोग ज्या प्रकारचा होता त्या प्रकारात ग्राही जवळजवळ नेहमीच असतो; तिचा शेरा मात्र निगेटिव्ह. फेरतपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला. मग आणखी काही जुने ब्लॉक तपासले, तेही फिरले. अखेरीस १९९७ ते २००५ या काळातील निगेटिव्ह ठरवलेले सुमारे हजार नमुने टोरोंटोच्या माउंट सायनाय रुग्णालयात पाठवले गेले. साडेतीनशेहून अधिक स्त्रियांचा शेरा चुकीचा होता. या स्त्रियांना टॅमॉक्सिफेन मिळाले नव्हते. कागदानुसार त्यांना त्याचा उपयोगच नव्हता ना! त्यांच्यापैकी शंभराहून अधिक जणी तोवर मरण पावल्या होत्या. गोळ्या मिळाल्या असत्या तर त्यांतील किती वाचल्या असत्या, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि आमच्या मते यातच या प्रकरणाची खरी क्रूरता आहे. कित्येक कुटुंबांना ही बातमी रुग्णालयाकडून नव्हे, वर्तमानपत्रांतून कळली.

न्यायाधीश मार्गारेट कॅमेरन यांच्या चौकशी आयोगाने २००९ साली अहवाल दिला. तो वाचताना एका गोष्टीचे वारंवार आश्चर्य वाटते : यात कोणी खलनायक नाही. फॉर्मालिनमध्ये ऊती नीट मुरली नाही, उकळण्याच्या क्रियेत एकसारखेपणा नाही, अनुभवी माणसे टिकत नाहीत, आणि सर्वांत मोठे म्हणजे प्रत्येक खेपेस ताडून पाहण्याची शिस्त नाही. काचेवर गाठीच्या शेजारी निरोगी स्तनाच्या नलिकाही असतात. त्यांतील काही केंद्रके तपकिरी व्हावयासच हवीत. तीही निळीच राहिली तर रोगी पेशीत ग्राही नाही असे नव्हे, तपासणीच फसली असे समजावे. ही खूण डोळ्यांसमोर असताना निगेटिव्ह शेरे लिहिले गेले.

आपल्याकडची परिस्थिती पाहता हा मजकूर आम्हांला परका वाटत नाही. बेळगाव, इंदूर, बडोदे काय किंवा त्यांच्या आसपासचा तालुका काय, शस्त्रक्रिया लहान शुश्रूषागृहात होते आणि गाठीची बरणी मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे काम नातेवाइकाकडे येते. भाचा किंवा दीर ती पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने निघतो. बरणीत काय आहे हे कोणी विचारत नाही. ऊती शरीराबाहेर पडल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये जावी, मोठी गाठ असल्यास कापून जावी म्हणजे द्रव आतपर्यंत पोहोचेल, द्रव ऊतीच्या कित्येक पट असावा, आणि तीत ती सहा तासांहून कमी व बहात्तर तासांहून अधिक राहू नये, असे नियम आहेत. वेळ बरणीवर लिहून घ्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी दोन वाक्यांत हे विचारले तर कोणताही समंजस डॉक्टर रागावणार नाही. रागावलाच तर रागावू द्यावा. मेणाचे ब्लॉक ही रुग्णाच्या दृष्टीने मोलाची वस्तू आहे, ते वर्षानुवर्षे टिकतात. शेऱ्याविषयी शंका असल्यास तेच ब्लॉक मागून घेऊन परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी पुन्हा तपासून घेता येतात. न्यूफाउंडलंडच्या स्त्रियांना सत्य कळले ते ब्लॉक जपून ठेवलेले होते म्हणूनच.

तपासणी चुकणे हा एक प्रकार झाला. साक्षीदारच खोटा निघणे हा दुसरा. १९९६ साली स्वीडनमध्ये यान-ओके गुस्ताफ्सन यांच्या प्रयोगशाळेला इस्ट्रोजेनाचा दुसरा ग्राही सापडला. पहिल्याला अल्फा आणि याला बीटा म्हणू लागले. बाजारात बीटाला ओळखणारे म्हणून अनेक प्रतिपिंड आले, आणि त्यांच्या साक्षीवर दोन दशके निबंध प्रसिद्ध होत राहिले. कोणी म्हणे स्तनाच्या कर्करोगात बीटा भरपूर असतो, कोणी म्हणे नसतोच. कोणी म्हणे तो असलेला बरा, कोणी म्हणे वाईट. शेवटी २०१७ साली स्वीडनमधीलच संशोधकांनी असे तेरा प्रतिपिंड कसून तपासले. कसोटी साधी होती : ज्या पेशीत बीटा नाही अशी खात्री आहे तेथे रंग उमटता कामा नये आणि जेथे आहे तेथे उमटला पाहिजे. ऊतींच्या कापांवर या कसोटीला निखळ उतरला तो एकच, आणि तोही फारसा कोणी न वापरणारा. एकाच वाड्यात दोन कुलकर्णी राहत असावेत आणि पोस्टमनने वीस वर्षे एकाची पत्रे भलत्याच बिऱ्हाडात टाकावीत, तसे झाले. त्या एकुलत्या एका विश्वासू प्रतिपिंडाने पाहिल्यावर स्तनात, मग तो निरोगी असो वा रोगी, बीटा आढळलाच नाही. अंडाशयात व वृषणात मात्र आढळला. ते जुने निबंध आजही ग्रंथालयांत आहेत.

अल्फाला ओळखणारे, रुग्णालयात वापरले जाणारे प्रतिपिंड मात्र या अग्निपरीक्षेतून अनेकदा पार पडलेले आहेत, तेव्हा ई.आर.च्या शेऱ्यावर या कारणाने अविश्वास दाखवण्याचे प्रयोजन नाही. त्यांची मर्यादा निराळी आहे. वर्षानुवर्षे संप्रेरकविरोधी औषधे घेतल्यानंतर काही जणींचा रोग उलटतो. तेव्हा अनेकदा असे दिसते, की ग्राहीच्या जनुकातच ५३७ किंवा ५३८ व्या स्थानी एका अक्षराचा बदल झाला आहे आणि ग्राही आता इस्ट्रोजेनाची वाट न पाहताच काम करू लागला आहे. प्रतिपिंडाला हा बदल दिसत नाही. काचेवर केंद्रके पूर्वीसारखीच तपकिरी दिसतात. तो शोधावयाचा तर रक्तात तरंगणारे गाठीचे डीएनए तपासावे लागते. ज्यांच्यात तो सापडतो त्यांच्यासाठी एलासेस्ट्रंट या गोळीला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती ग्राहीला नुसती अडवत नाही, त्याची विल्हेवाट लावण्यास पेशीलाच भाग पाडते.